लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदलण्याआधी

मोर्शी-वरूडकडच्या बऱ्याच घरांत लॅपटॉप येतो तो वापरलेला. पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा स्वतःला नवा घेतो आणि जुना धाकट्या बहिणीला देतो. नाहीतर कंपन्यांनी काही वर्षं वापरून विकून टाकलेल्या लॅपटॉपांपैकी एखादा अमरावती-नागपूरच्या दुकानातून आणला जातो. मशीन दणकट असते, रॅम वाढवलेली असते, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकलेली असते. तरीही ऑनलाइन तासाला सरांचा आवाज तुटत राहतो आणि सराव परीक्षेचं पान अर्ध्यावर अडकतं. मग कोणीतरी सुचवतं, “वाय-फायचं कार्ड बदलून टाक ना, नेट पळते मंग.”

सल्ला वाईट नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये कमी पैशांत करता येण्यासारख्या ज्या दोन-तीन चांगल्या दुरुस्त्या आहेत, त्यांत ही एक आहे. पण दोष कार्डात असेल तरच तिचा उपयोग होतो, आणि तेही त्या लॅपटॉपला बसणारं कार्ड आणलं तरच. या दोन्ही गोष्टी न तपासता कार्ड मागवणारे खूप आहेत. पैसे वाया जातात, वर “आपला लॅपटॉपच बेकार” असं म्हणून चांगली मशीन कोपऱ्यात पडते. शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरात हे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी वस्तू ओळखून घेऊ. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं की टपाल तिकिटाएवढी एक हिरवी किंवा काळी पट्टी एका खाचेत तिरकी बसवून स्क्रूने दाबलेली दिसते. तेच वाय-फाय कार्ड, आणि बहुतेक वेळा ब्लूटूथही त्यातच असतं. त्याच्या एका कडेला सोनेरी रंगाची दोन इवली गोल बटणं असतात. त्यांवर दोन बारीक वायरी चिकटलेल्या असतात. या वायरी बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या चौकटीत लपवलेल्या अँटेनांना जोडलेल्या असतात.

“कार्ड बदललं की नेटचा स्पीड वाढते”

घरात येणाऱ्या इंटरनेटचा वेग ठरतो तो कंपनीकडून घेतलेल्या प्लॅनवर. कार्डाचं काम राउटरपासून लॅपटॉपपर्यंतच्या काही फुटांपुरतं असतं. प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर २४०० एमबीपीएसचं कार्ड लावूनही इंटरनेट ४०च्या वर जाणार नाही.

तरी अनेकांना कार्ड बदलल्यावर खरोखर फरक पडतो, कारण त्या कार्डाबरोबर त्यांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मिळतो. स्वस्त लॅपटॉपांत बरीच वर्षं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी, एकाच अँटेनाची कार्डं बसवली जात. अशा कार्डाचा कागदावरचा वेग नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ७२ एमबीपीएस असतो. हवेत दुसरी कुठलीही गडबड नसेल तर प्रत्यक्षात ४०-५० मिळतात. पण गडबड नाही अशी जागा आता गावातही सापडत नाही. २.४चा सगळा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. एकमेकांवर न चढणारी चॅनेलं त्यात तीनच बसतात: १, ६ आणि ११. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या वर राहत असाल तर फोनवर वाय-फायची यादी उघडून बघा. दहा-पंधरा नावं सहज दिसतील. ती सगळी या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बोलत असतात. शिवाय ब्लूटूथ, वायरलेस माऊस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा कितीतरी जास्त आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्याविना वापरायला मोकळा केला. तेव्हापासून आपल्याकडे दोन्ही पट्ट्यांचे राउटर सर्रास मिळतात. राउटर असा असेल आणि लॅपटॉपचं कार्ड मात्र एकाच पट्ट्याचं असेल, तर कार्ड बदलणं ही पैसे वसूल करणारी दुरुस्ती आहे.

दोष कुठे आहे ते घरच्या घरी कळतं. राउटर असलेल्या खोलीत लॅपटॉप ठेवा, शेजारी एखादा बरा फोन ठेवा. दोघांवर एकामागून एक वेग मोजा. फोनवर पूर्ण वेग आणि लॅपटॉपवर रडगाणं, तर दोष लॅपटॉपच्या कार्डात, अँटेनात किंवा ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे रडगाणं, तर राउटर किंवा बाहेरून आलेली लाइन तपासा. शंका उरली तर राउटरला लॅनची वायर लावून बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या वाय-फायचे गुणधर्म उघडले की खाली ‘नेटवर्क बँड’ आणि ‘लिंक स्पीड’ लिहिलेले असतात. तिथे राउटरजवळ बसूनही २.४ आणि ७२ दिसत असेल, तर पुढचं सगळं वाचाच.

फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी मात्र वेगळं सांगायला हवं. वावरातल्या घरात किंवा खेड्यावर नेट असतं ते टॉवरचं. तिथे फोनलाच धड रेंज नसेल तर लॅपटॉपमधलं कार्ड काहीही करू शकत नाही. फोन खिडकीत किंवा गच्चीवर ठेवून बघा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टा बदलून बघा. यातून जेवढं सुधारेल तेवढंच.

“कार्ड कोणतंही घ्या, बसते”

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, कारण खाच दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी सारखी असेलच असं नाही.

२०१३-१४ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्सप्रेस जातीची खाच असते. तिचं अर्ध्या लांबीचं कार्ड साधारण ३० बाय २७ मिलिमीटर भरतं. त्यानंतरच्या मशीनमध्ये एम.२ खाच आली. वाय-फायचं एम.२ कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असतं, म्हणून त्यावर २२३० असा आकडा असतो. एसएसडीची खाचही एम.२च असते. त्यामुळे “एक एम.२ खाच रिकामी आहे, तिथे वाय-फाय लावून द्या” अशी मागणी होते. पण दोन्हींच्या दातांमधली फट वेगवेगळ्या जागी असते. वाय-फायचं कार्ड ‘ए’ किंवा ‘ई’ फटीचं, एसएसडी ‘एम’ किंवा ‘बी’ फटीची. जोर लावून बसवायला गेलात तर खाच तुटेल आणि दुरुस्ती मदरबोर्डावर जाईल.

काही पातळ लॅपटॉपांत तर कार्ड थेट मदरबोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं असतं. तिथे बदलण्याचा विषयच नाही.

याहून मोठी अडचण इंटेलच्या सीएनव्हीआय पद्धतीची आहे. पूर्वी कार्डावर वाय-फायची सगळी यंत्रणा असायची. सीएनव्हीआयमध्ये यंत्रणेचा मोठा भाग इंटेलने प्रोसेसर किंवा चिपसेटच्या आत नेला, आणि कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग उरला. असं कार्ड एएमडीच्या लॅपटॉपमध्ये किंवा इंटेलच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातलं तर ते खाचेत व्यवस्थित बसतं, स्क्रूही लागतो, पण मशीनला ते दिसतच नाही. दुकानदार म्हणतो “कार्ड डेड आहे”, विकणारा म्हणतो “तुमची खाच खराब आहे”, आणि प्रत्यक्षात दोघांच्याही वस्तूत दोष नसतो.

इंटेलच्या नावांतून हे बऱ्यापैकी ओळखता येतं. एएक्स२००, एएक्स२१०, बीई२०० ही शून्यावर संपणारी कार्डं स्वतंत्र, म्हणजे साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी. एएक्स२०१, एएक्स२११, बीई२०१ ही एकावर संपणारी सीएनव्हीआयची. खूण सगळीकडे लागू पडत नाही. ९२६० स्वतंत्र आहे, तर ९५६० आणि एएक्स२०३ सीएनव्हीआयची. म्हणून मागवण्याआधी नाव पूर्ण वाचा, आकडा-अक्षरासकट.

‘आठवी पिढी’ एवढं ऐकून तर मुळीच ठरवू नका. आय५-८२५०यू आणि आय५-८२६५यू हे दोन्ही प्रोसेसर आठव्या पिढीचे म्हणून विकले गेले. पण पहिल्यात सीएनव्हीआयची सोय नाही, दुसऱ्यात आहे. वापरलेल्या बाजारात भरपूर मिळणारा थिंकपॅड टी४८० पहिल्या गटातला. त्याला एएक्स२०० किंवा एएक्स२१० लागतं; एएक्स२०१ लावून काही होत नाही. उलट बाजूने, ज्या लॅपटॉपमध्ये आधीच सीएनव्हीआय कार्ड आहे त्याची खाच स्वतंत्र कार्डही बहुतेकदा चालवते. पण काही मॉडेलांत ती जोडणी दिलेलीच नसते, त्यामुळे त्या मॉडेलवर आधी कोणी बदल केला आहे का हे बघूनच पुढे जावं.

“बसलं म्हणजे चाललं”

जुन्या लेनोव्हो आणि एचपी लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांची यादी कोरलेली असे. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नसे. थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाची सूचना येते आणि कार्ड काढायला सांगते. एचपीवर १०४ क्रमांकाची येते. घाबरू नका, यात काही जळत नाही. जुनं कार्ड परत लावलं की लॅपटॉप पहिल्यासारखा उघडतो. २०१२चे थिंकपॅड टी४३० आणि एक्स२३० अशा यादीचे आहेत. बायोसमध्ये फेरफार करून ही यादी उठवणारे लोक आहेत, पण तेवढ्यासाठी मदरबोर्ड पणाला लावणं मला पटत नाही. त्याच कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत असलेलं दुहेरी पट्ट्याचं कार्ड शोधावं.

मिनी पीसीआय एक्सप्रेस खाच असलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी इंटेल ७२६० हे कार्ड उपयोगाचं आहे. ते २०१३चं, दोन्ही पट्ट्यांचं, दोन अँटेनांवर ८६७ एमबीपीएसचं आहे. ते अर्ध्या मिनी आकारातही निघालं आणि एम.२ आकारातही. घेताना आपल्याला कुठला आकार हवा ते सांगा.

“दोन वायरींपैकी एक लावली तरी भागते”

एका वायरीवर वाय-फाय दिसतं, म्हणून हा समज टिकून आहे. पण कार्ड दोन अँटेनांवर दोन वेगळे प्रवाह एकाच वेळी चालवतं. वाय-फाय ५ या पिढीच्या कार्डाचा ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवरचा वेग दोन वायरींनी ८६७, एका वायरीने ४३३. भिंतीपलीकडून सिग्नल क्षीण येतो तेव्हा दोन अँटेनांनी मिळून तो उचलणं जास्त भरवशाचं असतं. आणि अनेक कार्डांत ब्लूटूथ याच दोन अँटेनांपैकी एकीवर चालतं. नेमकी तीच वायर सुटी राहिली तर हेडफोन दोन पावलं दूर गेले की कट होतात.

काही स्वस्त लॅपटॉपांत कंपनीनेच एक अँटेना दिलेली असते. झाकण उघडल्यावर एकच वायर दिसली तर ती नव्या कार्डाच्या पहिल्या किंवा ‘मेन’ लिहिलेल्या बटणावर लावा. ५ गिगाहर्ट्झ मिळेल, पण निम्म्या वेगाने. तोही जुन्या ७२च्या मानाने पुष्कळ आहे. दुसरी अँटेना वेगळी विकत मिळते, मात्र ती बसवायला स्क्रीनची चौकट उचकटावी लागते. सराव नसलेल्याने त्यात हात घालू नये.

प्रत्यक्ष बदल करताना सगळी नजाकत या वायरींच्या टोकाशीच आहे. आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरून ‘शट डाउन’ करा. चार्जर काढा, झाकण उघडताच सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज साचते. म्हणून कार्डाला हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. वायरी कुठल्या बटणावर होत्या त्याचा फोटो काढून ठेवा, कारण काळी-पांढरी-राखाडी हे रंग कंपनीगणिक बदलतात. मग नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने टोक सरळ वर उचला. वायर धरून ओढली तर टोक हातात येतं आणि वायर आत राहते. स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं उचललं जातं. नवं कार्ड त्याच कोनात सरकवून, दाबून, स्क्रू लावायचा.

वायरीचं टोक परत लावताना ते बटणावर मधोमध टेकवा, बोटाच्या टोकाने चाचपा, थोडं हलवून बघा. नेमकं बसलेलं असेल तर ते घसरत नाही. मग सरळ खाली दाबा. बारीक ‘टिक’ हाताला जाणवते. तिरकं दाबलं तर मधली सुई वाकते आणि कार्ड वाया जातं. मिनी कार्डाची टोकं मोठी, यूएफएल जातीची; एम.२ची लहान, एमएचएफ-४ जातीची. एकाची दुसऱ्यावर बसत नाहीत. ही टोकं वारंवार काढ-घाल करण्यासाठी बनवलेली नसतात. यूएफएल जातीच्या टोकाला साधारण ३० वेळांची मर्यादा सांगितलेली असते. नुसतं बघायला म्हणून उघडत बसू नका.

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा. काही मॉडेलांत हा भाग ग्राहकाने बदलायला मुभा असते, काहींत झाकण उघडणंच मान्य नसतं.

“नव्या कार्डाने रेंज मागच्या खोलीपर्यंत जाईल”

कार्ड चांगलं असलं तरी लहरींना भिंती चुकत नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत २.४पेक्षा जास्त अडतात. जुन्या वाड्याच्या जाड मातीच्या भिंती, टिनपत्र्याची आडभिंत, पत्र्याचं कपाट, धान्याची कोठी यांच्यापुढे कुठलंच कार्ड चमत्कार करत नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते. पत्र्याचा तो मोठा डबा, आत पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंनी ओली वाळ्याची ताटी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. राउटर बैठकीत, लॅपटॉप मागच्या खोलीत आणि मधल्या खिडकीत कूलर, अशी मांडणी असेल तर मार्चपर्यंत बरं चाललेलं नेट एप्रिलमध्ये बिघडतं. आणि कार्डावर खापर फुटतं. राउटर फूटभर वर टांगणं किंवा दुसऱ्या भिंतीवर नेणं हा तिथला खरा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि अडथळ्यांतून जास्त सहज पार होतात, याचा मोठा प्रयोग आपल्याच अमरावती जिल्ह्यात झाला. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडलं. जंगल-डोंगरातल्या त्या वस्तीत टीव्हीच्या रिकाम्या राहिलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याचं तंत्र वापरून पाहिलं गेलं, कारण त्या लहरी वाय-फायपेक्षा बऱ्याच खालच्या वारंवारतेच्या आहेत. घरात तीच गोष्ट लहान प्रमाणात लक्षात ठेवावी: राउटरच्या खोलीत ५, दूरच्या खोलीत २.४. दुहेरी पट्ट्याच्या कार्डाने ही निवड तुमच्या हातात येते.

“घ्यायचंच तर वाय-फाय ७ घ्या”

वाय-फाय ७चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, कार्डं तर त्याच्या आधीच आली होती. पण कार्ड आणि राउटर दोघांनाही ती भाषा यावी लागते. घरातला राउटर वाय-फाय ५चा असेल तर बीई२०० त्याच्याशी वाय-फाय ५मध्येच बोलेल. शिवाय एएमडीच्या अनेक लॅपटॉपांवर बीई२०० ओळखलंच जात नाही, आणि वाय-फाय ७साठी विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती लागते. ६ गिगाहर्ट्झच्या नावाखालीही जास्त पैसे देऊ नका. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदाच आपल्याकडे मे २०२५ मध्ये निघाला, आणि त्या पट्ट्याचा राउटर घरात नसेल तर कार्डातली ती सोय पडूनच राहते. आजच्या घडीला एम.२ खाच असलेल्या बहुतेक लॅपटॉपांना, इंटेल असो की एएमडी, एएक्स२०० किंवा एएक्स२१० पुरेसं आहे.

ड्रायव्हरचा विचार मात्र कार्ड मागवतानाच करा. ही दोन्ही कार्डं विंडोजमध्ये ६४ बिटच्या विंडोज १० आणि ११वरच चालतात. विंडोज ७वर अडलेल्या मशीनला त्यांचा उपयोग नाही, तिथे ७२६०च. लिनक्सवर एएक्स२००ला ५.१ आणि एएक्स२१०ला ५.१० किंवा त्यापुढचं कर्नल लागतं. ड्रायव्हर जुनं कार्ड काढण्याआधीच उतरवून ठेवा. नवं कार्ड लावल्यावर ड्रायव्हर नसेल तर वाय-फाय नाही, आणि वाय-फाय नसेल तर ड्रायव्हर उतरवायचा कुठून? अशी अडचण झालीच तर फोन यूएसबी वायरीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला देता येतं. वाय-फाय चालू झालं पण ब्लूटूथ गायब, असंही होतं. कारण कार्डातलं ब्लूटूथ खाचेतल्या वेगळ्या यूएसबी जोडणीवरून चालतं, आणि काही जुन्या लॅपटॉपांत ती जोडणी दिलेलीच नसते.

“डोंगल म्हणजे टाकाऊ काम”

कार्ड मदरबोर्डावर पक्कं असेल, बायोसची यादी आडवी येत असेल, किंवा झाकण उघडायची हिंमतच होत नसेल, तर दुहेरी पट्ट्याचा यूएसबी डोंगल हा सरळ, चांगला उपाय आहे. फक्त १५० एमबीपीएस लिहिलेला, नखाएवढा डोंगल घेऊ नका. तो एकाच पट्ट्याचा असतो आणि जुन्या कार्डाचंच दुखणं परत येतं. खोक्यावर ५ गिगाहर्ट्झ स्पष्ट लिहिलेलं हवं. यूएसबी ३च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क शेजारच्या पोर्टला असेल तर डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलने थोडा दूर, टेबलावर उघड्यावर ठेवा. पुढे लॅपटॉप बदलला तरी तोच डोंगल नव्या मशीनला लागतो.